अदमुरं दही नको

वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त, सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात, पाणी, दूध, दही, ताक अशा पातळ पदार्थांचे गुणदोष सांगितले आहेत. दह्याच्या दोषांत तिथे ‘शोफ’ येतो, म्हणजे दह्याने सूज वाढते. थोडं पुढे वाचलं की ताक येतं, आणि ते मात्र सूज, मूळव्याध, ग्रहणी यांवरचा उपाय म्हणून. त्याच दुधाचं दही आणि त्याच दह्याचं ताक, पण एक सूज आणणारं आणि दुसरं उतरवणारं! त्याच ठिकाणी आणखी एक बारीक सूचना आहे. ‘मंद’ दही, म्हणजे नीट न लागलेलं दही खाऊ नये. मराठीत त्याला नेमका शब्द आहे, अदमुरं दही.

गिरगावपासून परळपर्यंतच्या घरांमध्ये हा समज अजून जिवंत आहे. आजीचे गुडघे धरले, आईच्या बोटांचे सांधे सकाळी आखडायला लागले, की सर्वांत आधी ताटातली दह्याची वाटी जाते. आता त्यात नवी भर पडली आहे. ‘इन्फ्लमेशन’ हा शब्द रक्ततपासणीच्या कागदावरून आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंमधून घराघरांत पोचला. कुणी सांगतं दूधच सोडा, कुणी सांगतं फक्त देशी गाईचं प्या, कुणी बदामाच्या दुधाचा डबा आणून ठेवतं. प्रभादेवीत दुधाच्या टपरीवर सकाळी उभं राहिलं, तर महानंद, गोकुळ, वारणा, अमूल, चितळे अशी सगळी नावं क्रेटमध्ये एकाला एक लागून दिसतात. समोर पन्नाशीची बाई पिशवी हातात घेऊन विचारात पडलेली असते, कुठलं नेऊ? हा लेख तिच्यासाठी आहे.

आधी सुजेबद्दल दोन शब्द. बोट चेचलं की लाल होतं, दुखतं, सुजतं, ती सूज उपयोगाची असते. शरीर त्या जागी दुरुस्तीला लागलेलं असतं. काळजीची सूज वेगळी. ती दिसत नाही, वर्षानुवर्षं हलकी धुमसत राहते, आणि मधुमेह, हृदयविकार, सांध्यांचे काही आजार यांच्याशी तिचा संबंध आहे. प्रश्न असा की दुधाने ही धुमसती सूज वाढते का?

बहुतेक माणसांच्या बाबतीत उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि ते पुरेशा भक्कम पुराव्यावर उभं आहे. माणसांवर झालेल्या ५२ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. दूध आणि दुधाच्या पदार्थांचा कल किंचित सूज कमी करण्याकडेच आहे, असं त्यात दिसलं. मधुमेह-स्थूलतेसारख्या चयापचयाच्या तक्रारी असलेल्यांमध्ये तर ते जास्त स्पष्ट दिसलं. उलटा परिणाम दिसला तो ज्यांना दुधाची ॲलर्जी आहे त्यांच्यात. ‘गाउट’ म्हणजे युरिक ॲसिड वाढून अंगठा सुजणारा संधिवात. त्याच्या रुग्णांचं दही-दूध घरोघरी हटकून बंद केलं जातं. अमेरिकेत ४७ हजारांहून अधिक पुरुषांवर १२ वर्षं लक्ष ठेवून २००४ साली जो अभ्यास छापला गेला, त्यात दूध-दही जास्त घेणाऱ्यांना हा आजार कमी झालेला आढळला, विशेषतः कमी स्निग्धांशाचं दूध घेणाऱ्यांना. अशा रुग्णाची ताकाची वाटी काढून घेणं म्हणजे त्याला मदत करणारी वस्तू त्याच्यापासून दूर करणं आहे.

आंबवलेल्या पदार्थांचा पुरावा आणखी रोचक आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात ३६ निरोगी प्रौढांना दोन गटांत विभागलं होतं. एका गटाने दहा आठवडे तंतुमय आहार वाढवला, तर दुसऱ्याने दही, केफिर असे आंबवलेले पदार्थ दिवसाला सुमारे सहा वेळा खाल्ले. २०२१ साली निष्कर्ष छापून आले. दुसऱ्या गटाच्या आतड्यातल्या जिवाणूंचं वैविध्य वाढलं होतं आणि सुजेशी संबंधित १९ प्रथिनं रक्तात कमी झाली होती. ३६ माणसं म्हणजे फार नव्हेत, आणि दिवसातून सहा वेळा आंबवलेलं खाणं आपल्या घरात कुणाला जमणारही नाही. पण दिशा कळते.

या दिशेचा एक धागा प्रभादेवीच्या शेजारीच, परळला सापडतो. हाफकिन इन्स्टिट्यूट ज्याच्या नावाने उभी आहे, त्या वाल्देमार हाफकिनने १८९७ साली मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये आली. हाफकिनचा गुरू इल्या मेचनिकॉव्ह. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात आणि सूज ही त्या लढाईचीच खूण आहे, हे मेचनिकॉव्हने दाखवलं. सुजेवरची त्याची व्याख्यानं १८९२ मध्ये पुस्तकरूपाने आली, १९०८ साली त्याला नोबेल मिळालं. हाच माणूस उतारवयात दह्याचा जगातला सर्वांत मोठा पुरस्कर्ता झाला. बल्गेरियाच्या दह्यातला जिवाणू स्टामेन ग्रिगोरोव्हने १९०५ मध्ये वेगळा काढला होता. त्या दह्याने आयुष्य वाढतं, असं मेचनिकॉव्हचं म्हणणं होतं. आयुष्य वाढण्याचा त्याचा दावा त्या स्वरूपात टिकला नाही. सूज आणि दही यांची गाठ मात्र एकाच माणसाने बांधली, आणि त्याच्या शिष्याचं नाव परळच्या पाटीवर आहे.

आता टपरीवरच्या त्या बाईकडे परत येऊ. पिशवी निवडण्याआधी तिने स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा. दुधाने नेमकं काय होतं? कारण तीन वेगळ्या तक्रारी ‘दूध सोसत नाही’ या एकाच वाक्यात कोंबल्या जातात.

सगळ्यांत जास्त आढळणारी तक्रार म्हणजे दुधातली साखर न पचणं. या साखरेला लॅक्टोज म्हणतात. ती पचवणारं पाचकद्रव्य तान्ह्या बाळाच्या आतड्यात भरपूर असतं, आणि जगातल्या बहुसंख्य माणसांमध्ये वय वाढेल तसं कमी होतं. भारतात वायव्येकडे ते मोठेपणीही टिकलेले लोक जास्त, आणि दक्षिण-पूर्वेकडे जावं तसे कमी. ज्यांचं टिकलेलं नाही त्यांना दूध प्यायल्यावर तासा-दोन तासांत पोट फुगतं, गुडगुडतं, जुलाब होतात. त्रास खरा असतो, पण ही सूज नव्हे. न पचलेल्या साखरेवर मोठ्या आतड्यातले जिवाणू तुटून पडतात आणि वायू तयार होतो, इतकंच.

दुसरी तक्रार ॲलर्जीची. ती दुधातल्या प्रथिनांची असते आणि बहुधा लहान मुलांत दिसते. अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, उलट्या, श्वास लागणं, बाळाच्या शीतून रक्त जाणं ही तिची लक्षणं. इथे रोगप्रतिकारशक्तीच भडकलेली असते, त्यामुळे ‘थोडंसं चालेल’ हा हिशेब लागू नाही. गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलाला शेळीचं दूध देऊन पाहण्याचा सल्ला शेजारीपाजारी सर्रास देतात. तो धोक्याचा आहे. दोन्ही दुधांतली प्रथिनं इतकी सारखी आहेत की अशा बहुतेक मुलांना शेळीच्या दुधाचाही त्रास होतो. म्हशीच्या दुधाचंही तेच. दही, पनीर, खरवस यातलं काहीही चालत नाही. हे बाळ बालरोगतज्ज्ञाकडेच न्यायला हवं.

तिसरी तक्रार म्हणजे बाकी सगळं, सांधे, त्वचा, थकवा. यात दुधाचा दोष क्वचितच निघतो. मुरुमांचं मात्र वेगळं आहे. तरुण मुलांमध्ये दूध, विशेषतः साय काढलेलं दूध, आणि मुरुमं यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे, आणि जिममध्ये घेतल्या जाणाऱ्या व्हे प्रोटीनबद्दल त्वचारोगतज्ज्ञही हाच अनुभव सांगतात. मुलाच्या तोंडावर एकदम पुटकुळ्या उठल्या असतील तर आधी तो प्रोटीनचा डबा दोन महिने बाजूला ठेवून पाहावा.

साखर न पचणाऱ्यांना दूध पूर्ण सोडावं लागत नाही, हे फार लोकांना माहीतच नसतं. पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर दुधात सुमारे १० ग्रॅम लॅक्टोज असतं. पचनशक्ती कमी असलेल्या बहुतेक प्रौढांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत, जेवणाबरोबर घेतलं तर, फारसा त्रास होत नाही. एका कटिंगमध्ये दूध जातं ते ३०-४० मिलिलिटर, म्हणजे लॅक्टोज जेमतेम दोन ग्रॅम. चहाने पोट बिघडतं म्हणणाऱ्याने दुधाला दोष देण्याआधी रिकाम्या पोटी घेतलेल्या चार कपांचा आणि त्यातल्या साखरेचा विचार करावा. रात्री झोपताना मोठा पेलाभर दूध पिऊन पोट बिघडत असेल, तर तेच दूध दोन वेळा अर्धा अर्धा पेला, नाश्त्याबरोबर आणि संध्याकाळी खाण्याबरोबर घेऊन पाहावं.

पिशवीवरचे शब्द एकदा नीट समजून घेतले की पुढची खरेदी सोपी होते. फुल क्रीम म्हणजे किमान ६ टक्के स्निग्धांश. स्टँडर्डाइज्ड साडेचार टक्के, टोन्ड ३, डबल टोन्ड दीड, आणि स्किम्ड अर्ध्या टक्क्याहून कमी. लॅक्टोज सगळ्यांत जवळपास सारखंच असतं. म्हणजे पोट फुगतं म्हणून फुल क्रीम सोडून टोन्ड घेण्यात काही हशील नाही. स्निग्धांशाचा प्रश्न वजन, कोलेस्टेरॉल आणि हृदय यांचा आहे. पेलाभर फुल क्रीममधून १२ ग्रॅम चरबी जाते, टोन्डमधून ६. मधुमेह, वाढलेलं कोलेस्टेरॉल, पोटाचा घेर असलेल्या माणसाच्या शरीरात धुमसती सूज आधीच असते आणि वजन उतरलं की तीही उतरते. त्यामुळे अशा घरात रोजच्या वापराला टोन्ड किंवा गाईचं दूध योग्य. वाढत्या मुलांना, अशक्त म्हाताऱ्यांना, अंगावर धरत नाही अशा माणसाला फुल क्रीम जरूर द्यावं. सरसकट सगळ्या घराला स्किम्डवर आणण्याची गरज नाही. २१ देशांतल्या १ लाख ३६ हजार माणसांच्या अभ्यासात, ज्यात भारतही होता, दुधाचे पदार्थ रोज दोन वाढपांहून अधिक घेणाऱ्यांमध्ये हृदयविकार आणि मृत्यू यांचं प्रमाण जास्त नव्हे, कमीच आढळलं.

‘टोन्ड म्हणजे पाणी घातलेलं दूध’ असं मुंबईत पूर्वीपासून बोललं जातं. त्यामागे या शहराचाच इतिहास आहे. म्हशीचं दूध दाट, त्यात ६-७ टक्के स्निग्धांश, आणि मागणी पुरी पडत नव्हती. दारा खुरोडी यांनी १९४६ च्या सुमारास त्यात दूध पावडर आणि पाणी मिसळून स्निग्धांश कमी, पण प्रथिनं राखलेलं स्वस्त दूध मुंबईत आणलं. टोन्ड दूध ही कल्पना इथूनच पुढे देशभर गेली. पुढे शहरातले तबेले हलवण्यासाठी गोरेगावला आरे कॉलनी उभी राहिली, वरळीला सरकारी डेअरी आली, आणि काचेच्या बाटल्या घेऊन कार्ड दाखवत आरेच्या केंद्रावर रांग लावणं हा प्रभादेवी-दादरच्या दोन पिढ्यांचा पहाटेचा कार्यक्रम झाला. खुरोडींना १९६३ मध्ये वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गिरणी कामगारांच्या पोरांना परवडणारं दूध मिळालं ते या टोन्डमुळे. त्याला हलकं समजू नये.

आणि ए-टू? सध्या सर्वांत जास्त पैसा या दोन अक्षरांवर खर्च होतो आहे. दुधात बीटा-केसिन नावाचं प्रथिन असतं आणि त्याचे ए-वन, ए-टू असे प्रकार आहेत. दोन्हींत फरक एका जागेवरच्या एका घटकाचा. ए-वन पचताना एक तुकडा सुटतो आणि त्याने सूज, मधुमेह, हृदयविकार होतात, असा दावा आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००९ साली सगळे अभ्यास तपासून सांगितलं की या आजारांशी कारण-परिणाम संबंध सिद्ध होत नाही. चीनमध्ये ४५ जणांवर झालेल्या एका चाचणीत ए-टू दुधाने पोटाच्या तक्रारी कमी झाल्या, ही चाचणी २०१६ साली छापली गेली. तिचा खर्च ए-टू दूध विकणाऱ्या कंपनीनेच केला होता, हेही लक्षात ठेवायला हवं. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये वेष्टनावरून ए-वन, ए-टू हे दावे काढा असा आदेश दिला आणि पाच-सहा दिवसांत मागेही घेतला. त्यामुळे गोंधळ वाढला.

मुंबईकराने यात एकच गोष्ट ध्यानात ठेवावी. म्हशीचं दूध निसर्गतःच ए-टू असतं. देशी गाईंच्या जातींमध्येही हाच प्रकार जवळपास सर्वत्र आढळतो. ए-वन येतं ते मुख्यतः विलायती जातींच्या संकरातून. जोगेश्वरी-गोरेगावच्या तबेल्यांचं म्हशीचं दूध किंवा म्हशीच्या दुधाची पिशवी घेणारं घर आयुष्यभर ए-टूच पीत आलं आहे. दीडपट-दुप्पट भाव देऊन ‘ए-टू’ छापलेली बाटली आणणाऱ्याला चव आवडत असेल तर गोष्ट वेगळी. सुजेसाठी म्हणून ते पैसे खर्च करू नयेत. त्यांत आठवड्याची पालेभाजी आणि फळं येतात.

सुट्या दुधाबद्दल आग्रहाने सांगायला हवं. ‘कच्चं दूध जिवंत असतं, उकळू नका’ असं सांगणाऱ्यांचं ऐकू नये. कच्च्या दुधातून क्षय, ब्रुसेलोसिस यांचे जंतू येऊ शकतात. ब्रुसेलोसिसमध्ये तर ताप आणि सांध्यांची खरीखुरी सूज, महिनोन्महिने. तबेल्यातलं दूध चांगलं उकळूनच घ्यावं. पिशवी घेताना तिच्या कडा पाहाव्यात. मुंबईत पिशवी फोडून, दूध काढून, पाणी भरून पुन्हा चिकटवणाऱ्या टोळ्या एफडीएने अनेकदा पकडल्या आहेत. कडेला दुहेरी शिवण, सुरकुती किंवा वितळल्याची खूण दिसली तर पिशवी परत करावी. एक दिलासाही आहे. २०१८ च्या देशव्यापी पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी आरोग्याला घातक भेसळ फक्त १२ मध्ये सापडली. चिंतेची बाब निघाली ती ॲफ्लाटॉक्सिनची, म्हणजे बुरशी लागलेल्या पशुखाद्यातून दुधात उतरणाऱ्या विषाची. ते ५.७ टक्के नमुन्यांत मर्यादेबाहेर होतं, आणि उकळल्याने ते जात नाही. त्यावर घरात उपाय नाही. तो पशुखाद्यावर नजर ठेवणाऱ्या डेअरीने आणि सरकारनेच करायचा आहे, आणि ग्राहकांनी तो मागायला हवा.

आता दही. या लेखातला सर्वांत उपयोगी भाग हाच आहे.

दूध आंबतं म्हणजे जिवाणू लॅक्टोज खाऊन त्याचं आम्ल करतात. दही लागेपर्यंत दुधातली साधारण पाव ते तिसरा हिस्सा साखर संपलेली असते. शिवाय दह्यातले जिवाणू स्वतःचं पाचकद्रव्य बरोबर आणतात आणि पोटात गेल्यावर उरलेल्या साखरेवर काम करत राहतात. म्हणून पेलाभर दुधाने हैराण होणारा माणूस वाटीभर दही मजेत खातो. अट इतकीच की जिवाणू जिवंत हवेत आणि दही पुरतं लागलेलं हवं. अदमुऱ्या दह्यात साखर बरीच शिल्लक असते, आंबटपणा कमी असतो, आणि दुसरे नको असलेले जंतू वाढायला जागा राहते. वाग्भटाच्या सूचनेचं आजच्या भाषेतलं कारण असं सांगता येतं.

दही लावण्यात चुका दोन ठिकाणी होतात, दुधाच्या उष्णतेत आणि वेळेत. अर्धा लिटर दूध उकळून ठेवावं. स्वच्छ धुतलेलं बोट बुडवून दहा अंक शांतपणे मोजता आले, चटका बसला नाही पण ऊब जाणवली, की ते ४० अंशांच्या आसपास आलं. याहून फार गरम दुधात विरजण मरतं, मग सकाळी पाणी आणि चोथा हाती येतो. थंडगार दुधात ते झोपून राहतं, आणि सकाळी तार सुटणारं, चिकट, अर्धवट दही मिळतं. चमचाभर विरजण वाटीत फेटून दुधात नीट ढवळावं, झाकण ठेवावं, आणि भांडं हलवू नये. मुंबईत मे महिन्यात पाच-सहा तास पुरतात. जानेवारीच्या रात्री आठ-दहा लागतात, तेव्हा भांडं बंद ओव्हनमध्ये किंवा पिठाच्या डब्यात ठेवण्याची जुनी युक्ती कामाची. भांडं जरा कलतं करावं. दही एकसंध सुटून कडेपासून अलग झालं आणि कडेला निवळीची बारीक रेघ दिसली, की लागलं. ज्यांचं पोट नाजूक आहे त्यांनी यानंतरही तास-दीड तास बाहेर ठेवून मगच फ्रिजमध्ये टाकावं. आंबटपणा थोडा वाढतो, साखर आणखी उतरते. वर जमलेली निवळी फेकू नये, ती प्रथिनं आणि कॅल्शियम धरून असते. पण गुलाबी, नारिंगी किंवा केसाळ बुरशीचा ठिपका दिसला तर वरचा थर काढून खाली खाणं चूक आहे. सगळं टाकावं आणि शेजारणीकडून नवं विरजण आणावं.

बाजारचं दही घेताना मागची बाजू वाचावी. घटकांमध्ये दूध, दुधाचे घनपदार्थ आणि जिवाणू-विरजण इतकंच असेल तर उत्तम. साखर, फळांचा गर, रंग, घट्ट करणारे पदार्थ अशी यादी लांबली, की ती गोड खाण्याची वस्तू झाली. ताकाच्या बाबतीत एक खूण सोपी आहे. फ्रिजबाहेर महिनोन्महिने टिकणाऱ्या टेट्रा पॅकमधलं ताक आंबवल्यानंतर पुन्हा तापवलेलं असतं. त्यात चव असते, जिवाणू नसतात. फ्रिजमधून मिळणारी, थोड्या दिवसांची मुदत असलेली पिशवी बरी. शंका असेल तर घरीच परीक्षा घ्यावी. ज्या दह्याबद्दल शंका आहे त्याचा चमचा कोमट दुधाला विरजण म्हणून लावावा. दूध लागलं तर दही जिवंत होतं.

ताक सगळ्यांत सोसणारं का, याचंही उत्तर हिशेबात आहे. दोन-तीन मोठे चमचे दही, तिप्पट-चौपट पाणी, घुसळून लोणी काढलेलं. अशा पेल्यात लॅक्टोज दोन ग्रॅमच्या आत आणि चरबी नावाला. जिरेपूड, आलं, कोथिंबीर घालावी. मीठ मात्र जपून, विशेषतः रक्तदाब असलेल्यांनी, कारण दिवसभराचं सगळं मीठ पाच ग्रॅमच्या आत हवं आणि तयार मसाला ताकात ते सढळ हाताने घातलेलं असतं. कढी चवीला आणि पचायला चांगली, पण उकळली की जिवाणू जातात. त्यामुळे कढी प्यायली तरी जेवणात वेगळं ताक असू द्यावं.

आणि श्रीखंड, पीयूष, गोड लस्सी? दादर-गिरगावच्या माणसाला पीयूष सोडायला सांगणं अन्यायाचं आहे आणि त्याची गरजही नाही. चक्का स्वतः फार चांगला पदार्थ आहे, निवळीबरोबर बरंचसं लॅक्टोज निघून जातं आणि प्रथिनं दाट होतात. पण घरच्या श्रीखंडात चक्क्याइतकीच साखर पडते. शंभर ग्रॅमच्या वाटीत ५० ग्रॅमच्या आसपास साखर, तर दिवसभराची मर्यादा २५ ग्रॅम धरावी असं तज्ज्ञ सांगतात. पाडव्याला, दसऱ्याला ते पुरीबरोबर खावं. रोज ‘दह्याचंच आहे’ म्हणून खाऊ नये. साखरमिश्रित प्रोबायोटिक बाटल्यांचंही तसंच. घरचं दही ज्यांना मिळतं त्यांना त्यांची गरज नाही.

ज्यांनी खरंच दूध बंद करायचं ठरवलं आहे त्यांनी कॅल्शियमचा हिशेब आधी करावा. प्रौढ माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम लागतं आणि पेलाभर दुधातून त्याचा जवळपास चौथा हिस्सा येतो. शंभर ग्रॅम नाचणीतून साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास मिळतं. तीळ, पालेभाज्या, काट्यांसकट खाल्ली जाणारी बारीक सुकी मासळी हे पर्याय वरळी-प्रभादेवीच्या घरांना नवे नाहीत. बदामाच्या दुधात बदाम थोडे आणि पाणी फार, प्रथिनं तर नगण्य. दुधाची जागा भरायची असेल तर बिनसाखरेचं सोया दूध बरं.

आपल्याला काय सोसतं हे ठरवायला महागडी तपासणी आधी लागत नाही, एक वही लागते. दोन आठवडे दूध, दही, पनीर, चीज, मिठाई सगळं बंद ठेवावं आणि रोज पोट, सांधे, झोप यांची एका ओळीत नोंद करावी. या काळात इतर औषध किंवा पथ्य बदलू नये, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही. मग तीन-तीन दिवसांच्या अंतराने एकेक पदार्थ परत आणावा. आधी ताक, मग पुरतं लागलेलं दही, मग पनीर, शेवटी दूध. ज्या पायरीवर त्रास परतला तिथे थांबावं. ताक-दही सोसतं आणि दूध नाही, तर प्रश्न साखरेचा. काहीच फरक पडला नाही, तर दूध निर्दोष आहे आणि सांधेदुखीचं कारण दुसरीकडे शोधायला हवं. दम्याच्या, तीव्र ॲलर्जीच्या रुग्णांवर आणि लहान मुलांवर हा प्रयोग डॉक्टरांशिवाय करू नये. परळच्या कर्करोग रुग्णालयात केमोथेरपी चालू असलेल्यांनी घरचं दही खावं की नाही हेही आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं, कारण पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना जिवंत जिवाणू जोखमीचे ठरू शकतात.

शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, कारण नसताना उतरणारं वजन, सकाळी तासाहून जास्त वेळ आखडलेले आणि सुजलेले सांधे यांपैकी काही असेल तर दूध बदलून पाहण्यात आठवडे घालवू नयेत. केईएमसारखं मोठं रुग्णालय प्रभादेवीहून हाकेच्या अंतरावर आहे, तिथल्या ओपीडीत केसपेपर काढावा. बाकीच्यांनी आज रात्री टोन्ड दुधाला विरजण लावावं, सकाळी भांडं कलतं करून पाहावं, आणि दही हललं तर आणखी तासभर थांबावं.